आठवण येते, स्मरण करावं लागतं: देवाने केलेलं विसरू नये म्हणून काय काय करावं

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमध्ये एकच प्रश्न फिरतो, "दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलं?" क्युसेकचे आकडे बातम्यांत असतात, पण गावाला पूर कळतो तो गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीवरून. पायाला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं. नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी गेलं, तर तो पूर पोरानातवंडांना सांगण्याजोगा. २००८, २०१६, २०१९ हे पूर आमच्या गल्लीतली माणसं अजून असेच सांगतात. मी ख्रिस्ती घरात वाढले, तरी लहानपणी पूर बघायला सगळ्यांच्या पोरांबरोबर मीही गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, धावले आहे. पाणी चढतं, उतरतं, गढूळ होतं, निवळतं. मूर्ती जागची हलत नाही, म्हणून तर पाणी मोजता येतं.

माणसाच्या मनात भीती चढते तेव्हा अशीच एखादी जागची न हलणारी खूण लागते. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ती खूण दाखवताना सारखं एकाच दिशेला बोट करतं: देवाने आधी काय केलं ते बघ. रविवारच्या शाळेत मुलांना आणि गृहप्रार्थनांत मोठ्यांना हे शिकवता शिकवता मला उमगलं, की हे सगळ्यांना पटतं, पण करायचं कसं ते कुणी सांगत नाही. "देवाचे उपकार आठवा" असं व्यासपीठावरून सांगून पाळकसाहेब पुढच्या मुद्द्याला जातात आणि ऐकणारा घरी येऊन भाजी चिरायला लागतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आपल्या भाषेतच एक फरक आहे. आठवण येते. स्मरण करावं लागतं. आठवण वासाने येते, गाण्याने येते, कधी नको तेव्हा येते. स्मरणाला कर्ता लागतो, वेळ काढावा लागतो. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी भाकर मोडून "माझ्या स्मरणार्थ हे करा" म्हटलं, त्यातही 'करा' आहे. दुसरी जोडी कृतज्ञ आणि कृतघ्न. जो केलेलं जाणतो तो कृतज्ञ, जो केलेलं मारतो तो कृतघ्न. देवाने केलेलं विसरणं म्हणजे ते जणू झालंच नाही असं करून टाकणं, हे त्या शब्दातच आहे. बायबलमधलं १०६ वं स्तोत्र इस्राएल लोकांच्या बाबतीत हेच म्हणतं, की देवाने मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सोडवलं, तांबड्या समुद्रातून पार झाले आणि लवकरच त्याची कृत्ये विसरले.

पहिली पायरी: सुरुवात स्वतःपासून करू नका

हे ऐकून लोक थबकतात. त्यांना वाटतं, वही घ्यायची आणि देवाने माझं काय काय केलं ते लिहायचं. ते करायचंच आहे, पण आधी नाही. आपले स्वतःचे अनुभव डळमळीत असतात. आज जी घटना देवाची करणी वाटते, ती उद्या आजारपणात, रात्री दोन वाजता, निव्वळ योगायोग वाटू लागते. पाया त्याच्याखालचा हवा.

यासाठी ७७ वं स्तोत्र घ्या. आसाफ नावाच्या गायकाचं आहे, वीस ओव्यांचं. हाताशी पेन्सिल ठेवा आणि एका बैठकीत संपवू नका, चार दिवस घ्या.

पहिल्या दिवशी पहिल्या सहा ओव्या. माणूस रात्रभर हात पसरून आहे, डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या ओवीत तर देवाची आठवण होते आणि तो कण्हतो. हे नीट बघून ठेवा. स्मरण केल्याबरोबर बरं वाटतंच असं नाही. पहिल्यांदा जास्तच दुखू शकतं, कारण तेव्हाचा देव आणि आत्ताचं मौन यांतलं अंतर दिसतं.

दुसऱ्या दिवशी ७ ते ९. इथे सहा प्रश्न आहेत: प्रभू कायमचा टाकील का, पुन्हा प्रसन्न होणार नाही का, त्याची दया संपली का, वचन खुंटलं का, कृपा करायला देव विसरला का, रागाने त्याने आपला कळवळा कोंडून ठेवला का. एकेका प्रश्नाखाली रेघ ओढा. तुमच्या मनातला प्रश्न यातला कोणता, त्याच्यापुढे खूण करा. आमच्याकडे पुष्कळ घरांत असे प्रश्न विचारणं पाप समजतात. शास्त्राने ते प्रार्थनेत घेतले आहेत.

तिसऱ्या दिवशी १० ते १५. इथे वळण आहे. आसाफ ठरवतो की मी परमेश्वराच्या कृत्यांचं स्मरण करीन. परिस्थिती बदललेली नाही, अंथरूण तेच, रात्र तीच. आधीच्या ओव्यांत 'मी', 'माझे', 'माझा' किती वेळा येतं ते मोजा आणि इथून पुढे 'तू', 'तुझे' किती वेळा येतं तेही मोजा. मुलांना ही मोजणी करायला फार आवडते, आणि मोठी माणसं मोजता मोजता गप्प होतात.

चौथ्या दिवशी उरलेलं. आसाफ स्वतःच्या बऱ्या झालेल्या दुखण्यापाशी जात नाही, तो थेट समुद्रापाशी जातो. जे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं नाही, जे कित्येक पिढ्यांपूर्वी घडलं, त्याला तो आपलं म्हणतो. आणि मग ती विलक्षण ओळ: देवाची वाट समुद्रातून होती, पण त्याची पावलं कुणाला दिसली नाहीत. शेवटी मोशे आणि अहरोनाच्या हाताने कळप नेल्याचं सांगून स्तोत्र थांबतं. आसाफाची अडचण सुटली का? सांगितलेलंच नाही.

एवढं झालं की मग १०५ आणि १०६ शेजारी शेजारी वाचा. इतिहास तोच, पण एकात देवाने काय केलं ते आहे आणि दुसऱ्यात लोकांनी काय केलं ते. १३६ वं सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणण्यासाठी आहे. एकाने घटना म्हणायची, बाकीच्यांनी "कारण त्याची दया सनातन आहे". सव्वीस वेळा. चौदाव्या-पंधराव्या वेळी कंटाळा येतो, विसाव्याच्या पुढे तो शब्द आत उतरू लागतो.

ख्रिस्ती माणसाचा समुद्र म्हणजे क्रूस आणि रिकामी कबर. बाकी सगळ्या नोंदी त्याच्या नंतर.

दुसरी पायरी: वही

आता स्वतःची वही. लांब वही घ्या, दोनशे पानी, शाळेची असते तशीच. सुंदर डायरी घेतलेल्या बहुतेकांनी चार पानांवर सोडून दिलेलं मी पाहिलं आहे. चांगल्या कागदावर चांगलंच लिहावं असं दडपण येतं. मोबाइलमध्ये लिहू नका असं म्हणत नाही, पण मोबाइल बदलतो, आणि दुसऱ्याच्या मोबाइलमधलं नातवंडांच्या हाती लागत नाही.

माझ्या आईची वही होती. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला तेव्हा मी सातवीत होते. जवळजवळ वर्षभर घरात पगार नव्हता. मोठी झाल्यावर मी कुणालाही सांगताना त्या वर्षाबद्दल एकच वाक्य बोलत असे, "त्या वर्षी देव आमच्याकडे फिरकला नाही." आई गेल्यावर ट्रंकेत वही सापडली. त्या वर्षाच्या नोंदी मी मोजल्या, चाळीसच्या वर होत्या. 'गिरणीवाल्याने दळणाचे पैसे पुढच्या महिन्यात द्या म्हटले.' 'शाळेच्या बाईंनी फी भरली, कुणाला सांगू नका म्हणाल्या.' 'निफाडहून मामा गव्हाचं पोतं घेऊन आला, न सांगता.' 'आज यांनी प्रार्थना केली, दोन महिन्यांनी.' पोट रिकामं राहिल्याची माझी आठवण खरी होती, पण अपुरी होती. आईने लिहिलं नसतं, तर माझं ते एक वाक्य आमच्या घराचा इतिहास होऊन बसलं असतं.

प्रत्येक नोंदीत या गोष्टी याव्यात: केव्हा आणि कुठे घडलं, तेव्हा भीती कशाची होती, नेमकं काय झालं, ते कुणाच्या हातून झालं, आणि आपण काय मागितलं होतं. शेवटची गोष्ट लोक गाळतात, कारण मागितलेलं आणि मिळालेलं पुष्कळदा जुळत नाही. आईने कारखाना सुरू होऊ दे असं मागितलं होतं. तो कधीच सुरू झाला नाही. तेही तिने लिहिलेलं आहे.

डाव्या पानावर घडलं ते लिहा, उजव्या पानावर तुम्हाला त्यातून काय समजलं ते. दोन्ही एकात मिसळू नका. डावं पान बदलत नाही. उजवं पान दहा वर्षांनी पुन्हा लिहावंसं वाटेल, तेव्हा खाली तारीख घालून लिहा, आधीचं खोडू नका.

"कुणाच्या हातून" हे मी आग्रहाने सांगते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली असेल तर डॉक्टरांनी केली असं लिहा, शेजारच्या काकूंनी रात्री रिक्षा बोलावली असेल तर तसं. माणसाचा हात पुसून टाकला म्हणजे देवाचा हात जास्त दिसतो असं नाही. त्या ७७ व्या स्तोत्राच्या शेवटच्या ओवीतही मोशे-अहरोनाचा हात आहेच.

मागचं आठवायचं कसं? वर्षांच्या क्रमाने जाऊ नका, वर्षं हाती लागत नाहीत. घरांच्या क्रमाने जा. आपण कुठे कुठे राहिलो: सातपूर कॉलनीतली खोली, मग देवळालीतलं भाड्याचं घर, मग हे. एकेका घराला चार पानं सोडा. डोळे मिटून त्या घरात दारातून आत शिरा, कुठे चूल होती, कुठे पाणी भरत होतो. गोष्टी आपोआप निघतात. मग कागद काढा: दवाखान्याची जुनी कार्डं, फीच्या पावत्या, रेशनकार्ड, सोडवलेल्या दागिन्याची पावती. कागदाला तारीख असते, आपल्या डोक्यात नसते. मग घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा. आत्याला "देवाने काय केलं?" असं विचारू नका, ती साक्ष द्यायला लागेल आणि पाठ केलेलंच बोलेल. "त्या घरात असताना तुम्हाला सगळ्यांत जास्त भीती कधी वाटली?" असं विचारा.

दोन गोष्टी लिहू नका. एक, दुसऱ्याचं गुपित. वही पुढे कुणाच्याही हाती जाणार आहे. दुसरी, दुसऱ्याच्या दुःखावर उभा केलेला आपला उपकार. पुरात आमचं घर वाचलं आणि खालच्या आळीतलं बुडालं, तर "देवाने आम्हाला वाचवलं" एवढंच लिहून थांबलं तर बुडालेल्याला देवाने काय केलं असं आपण म्हणतो आहोत? दोन्ही घरांची नोंद करा. आणि त्यांच्याकडे आपण काय घेऊन गेलो, तेही. गेलोच नसू तर ते मोकळं सोडा, दिसू द्या.

नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं इथे स्मरण होतं. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर काही वर्षं नवराबायको दुरावली. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या आणि 'स्मृतिचित्रे' लिहिताना त्यांनी तो संताप, ती उपासमार, नवऱ्याचा विक्षिप्तपणा काहीच झाकलं नाही. विश्वासाचं पुस्तक असूनही त्यात कुणी खोटं गोड झालेलं नाही. मराठी ख्रिस्ती घरात वही कशी लिहावी, याचा इतका जवळचा धडा दुसरा नाही.

मिसराचे कांदे

आठवण फसवतेही. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात, रानात देवाने दिलेलं मान्ना नावाचं अन्न खाऊन कंटाळलेले इस्राएल लोक रडतात आणि मिसरातले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवतात. फुकट खात होतो म्हणतात. कांद्या-लसणाची ओढ काय असते ते लासलगावच्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण त्या फुकटच्या कांद्याबरोबर विटा पाडायची वेठ होती, नदीत टाकलेली पोरं होती, ते कुणालाच आठवलं नाही.

म्हणून वही लिहिताना "ते दिवस किती चांगले होते" असं वाक्य आलं की थांबा. जुन्या मंडळीच्या (चर्चच्या), जुन्या पाळकांच्या, पूर्वीच्या नाताळच्या आठवणी पुष्कळदा या जातीच्या असतात. त्यांत देवाचं कृत्य शोधा. सापडलं तर लिहा. नुसता हळहळीचा वास असेल तर सोडून द्या. यशया ४३ मध्ये परमेश्वर म्हणतो की पूर्वीच्या गोष्टी मनात आणू नका, मी नवं काहीतरी करतो आहे, आणि ४६ मध्ये म्हणतो की प्राचीन गोष्टींचं स्मरण करा. लोक मला हे विचारतात. मी असं समजते: ज्या आठवणीने माणूस मागे तोंड करून बसतो ती सोडायची, जिने पुढे पाऊल टाकायला बळ येतं ती धरायची.

तिसरी पायरी: न मिळालेल्याचं पान

वहीच्या मधोमध काही पानं यासाठी राखून ठेवा. ही पानं नसलेली वही खोटी असते आणि संकटात ती आपल्यालाच खोटी वाटते.

माझा धाकटा भाऊ एकतिसाव्या वर्षी गेला. आम्ही उपास केले, सगळ्या मंडळीने साखळी प्रार्थना केली. पानाच्या डाव्या बाजूला हे सगळं तारखांसकट आहे. उजवी बाजू नऊ वर्षं कोरी आहे. पहिली दोन वर्षं मला पुष्कळांनी ती भरून द्यायचा प्रयत्न केला: देवाला तो जास्त आवडला, यात काहीतरी हेतू असेल. मी काहीच लिहिलं नाही. स्तोत्र ८८ हे असंच पान आहे. ते अंधारातच संपतं, शेवटी कुठेही उजेड आणलेला नाही, आणि तरी ते स्तोत्रांतच ठेवलेलं आहे. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात आधी दवणा आणि विष यांची आठवण आहे, मग "हे मी मनात आणतो म्हणून मला आशा आहे" असं येतं, आणि तेव्हाही शहर जळालेलंच होतं.

पूर्वीच्या कृत्यांचं स्मरण म्हणजे पुढच्याची हमी नव्हे. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात राजाच्या मूर्तीला नमत नाहीत म्हणून जळत्या भट्टीत टाकले जाणारे तिघे म्हणतात, आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि न सोडवलं तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही. त्या "तरी"साठी हे पान आहे.

चौथी पायरी: डोळ्यांना दिसेल असं काही

यहोशवाच्या चौथ्या अध्यायात इस्राएल लोकांनी यार्देन नदीच्या पात्रातून बारा दगड उचलून गिलगालला रचले. हंगामाचे दिवस होते, नदी दोन्ही काठांवरून वाहत होती. पूर आलेल्या नदीच्या पोटातला दगड काठावर दिसणं हीच साक्ष. पुढे मुलं विचारतील, हे दगड कशाचे? तेव्हा सांगा. प्रश्न मुलांनी विचारायचा आहे हे महत्त्वाचं. आपण उपदेश सुरू केला की मुलं पळतात, दगड दिसला की विचारतात.

घरात एक-दोनच वस्तू ठेवा. आमच्याकडे बाबांचा जेवणाचा डबा आहे, त्या बंद पडलेल्या कारखान्याच्या दिवसांतला. तो शोकेसमध्ये नाही, स्वयंपाकघराच्या फळीवर आहे, रिकामा. भाचा चार वर्षांचा असताना त्याने विचारलं, यात खाऊ का नाही? तिथून गव्हाच्या पोत्यापर्यंत गोष्ट गेली.

शमुवेल संदेष्ट्याने मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये दगड उभा केला, त्याला एबन-एजर म्हटलं, साहाय्याचा दगड: येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले आहे. हे वाचताना १ शमुवेल ४ उघडा. तिथे एबन-एजर हेच नाव पराभवाच्या संदर्भात येतं. तिथे तळ देऊन इस्राएल लढला, हरला, देवाच्या कराराचा पवित्र कोश शत्रूच्या हाती गेला. ज्या नावाला हार चिकटली होती, तेच नाव साहाय्याच्या दगडाला दिलं. तेव्हा वस्तू निवडताना नुसत्या विजयाच्या ट्रॉफ्या निवडू नका. आणि 'येथवर' या शब्दाकडेही बघा. पुढचं त्यात काही म्हटलेलं नाही.

गावातही दगड असतात. शरणपूर रोडने रोज हजारो माणसं जातात. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे वस्ती वसवली, शरण आलेल्यांचं पूर, म्हणून शरणपूर. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही नाशिकच्या मिशनमध्ये वाढली, शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. अंत्यविधीचं वाचन वेनराइटने केलं आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. मग सोबत्यांनी तो देह खांद्यावरून समुद्रापर्यंत आणला, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला हा नाशिकला शिकलेला मुलगा शवपेटीसोबत होता. गुलामीतून सुटलेल्या मुलाने दुसऱ्याची आठवण झाडावर कोरली. मुलांना शरणपूर रोडवरून नेताना हे सांगते, सिग्नल लागलेला असला की वेळही मिळतो.

एक धोका मात्र आहे. मोशेने रानात उभारलेला पितळी सर्प पुढे लोक धूप जाळून पुजू लागले, म्हणून हिज्कीया राजाने तो फोडला. वस्तू गोष्ट सांगायची थांबली आणि तीच हवीशी वाटू लागली, तिच्याशिवाय प्रार्थना अडू लागली, तर ती कपाटात ठेवून द्या.

पाचवी पायरी: दिवस ठरवून

मन भरून येईल तेव्हा स्मरण करू म्हटलं तर होत नाही. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी रात्री वहीतलं एक पान वाचा, एकच. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला जाण्याआधी घरात सगळ्यांनी मिळून वर्ष चाळा. आमच्याकडे जेवणं आटोपली की ताटं न उचलता बसतो, प्रत्येकाने एक घटना सांगायची, दुसऱ्याने सांगितलेली पुन्हा नाही.

शेतकरी घर असेल तर हंगामाची उपासना ही खरी जागा. अनुवाद या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात पहिल्या उत्पन्नाची टोपली घेऊन आलेल्या माणसाने काय बोलायचं ते ठरवून दिलेलं आहे. माझा बाप भटकणारा अरामी होता, तो मिसरात गेला, तिथे छळ झाला, परमेश्वराने बाहेर काढलं, ही जमीन दिली, आणि हे बघ, तिचं पहिलं फळ. हातात टोपली या वर्षीची आणि तोंडात पिढ्यांचा इतिहास. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांना मी याचा अर्थ सांगायला जात नाही, त्यांनीच मला सांगितला. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर घड दिसतो, पण तो तेव्हा तयार होत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर उन्हाळ्यात काडीच्या डोळ्यात तो बसतो. बाहेरून काडी नुसती काडी दिसते. टोपलीत द्राक्षं घेऊन येताना त्या न दिसणाऱ्या महिन्यांचीही आठवण करा, आणि ज्या वर्षी गारपिटीने बाग झोडपली त्या वर्षीही टोपली आणा, तिच्यात जे असेल ते घेऊन.

सहावी पायरी: तोंडाने सांगणं

गृहप्रार्थनेत साक्ष द्यायची वेळ आली की काही जण वीस मिनिटं घेतात, बाकीचे कधीच उठत नाहीत. गल्याथाशी लढायला निघालेला दावीद शौल राजापुढे काय बोलला ते बघा: मी बापाची मेंढरं राखत होतो, सिंह आला, अस्वल आलं, कोकरू उचललं, मी पाठलाग केला, सोडवलं. ज्याने तेव्हा वाचवलं तो या पलिष्ट्याच्या हातूनही वाचवील. झालं. ठिकाण, प्राणी, काय केलं, आणि आत्ताच्या संकटाशी त्याचा जोड. तीन मिनिटांत बसेल एवढं बोला. "प्रभूने मला फार आशीर्वाद दिले" यातून ऐकणाऱ्याला धरायला काही मिळत नाही. "गिरणीवाल्याने पैसे नंतर द्या म्हटले" यातून मिळतं.

न उठणाऱ्यांसाठी मी वही फिरवते. एकाचं पान दुसऱ्याने वाचायचं. आपलं पान दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं की रडू येतं, ते येऊ द्यावं.

प्रभू येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांतला परत आला एकच, तोही परका समजला जाणारा शोमरोनी, मोठ्याने देवाची स्तुती करत. नऊ जण मनातून कृतज्ञ नसतील असं मला वाटत नाही. ते फक्त परत आले नाहीत.

संकट दारात असताना

तेव्हा वही शोधायला वेळ नसतो. म्हणून आत्ताच एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या आणि त्यावर पाच ओळी लिहा: दोन शास्त्रातल्या, दोन वहीतल्या, एक न मिळालेल्या पानावरची. मोबाइलच्या कव्हरमागे ठेवा. दवाखान्याच्या बाकावर बसाल तेव्हा आधी हे काढू नका. आधी आसाफासारखं मोकळेपणी बोला, तक्रार करा, रडा. तक्रार न करता घाईने आठवलेले उपकार तोंडातच राहतात. मग कार्ड काढून हळू आवाजात वाचा, सोबत कुणी असेल तर त्याला वाचायला द्या. मार्कच्या आठव्या अध्यायात शिष्य नावेत भाकरीच्या चिंतेत आहेत. प्रभू विचारतो, पाच भाकरींच्या वेळी किती टोपल्या उचलल्या? बारा. सात भाकरींच्या वेळी? सात. आकडे त्यांना पाठ होते, जोड लावता येत नव्हता. शेजारी बसलेल्या माणसाने असाच एखादा साधा प्रश्न विचारला तर पुरतो. "मामा पोतं घेऊन आला तेव्हा कोणता वार होता?"

बाबांना शेवटच्या आजारात बोलता येत नव्हतं, तेव्हा मी त्यांना हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी बोटांनी मोजून दाखवलं. सोमवारपासून चौथं बोट, गुरुवार. वही उघडून पाहिली. आईच्या अक्षरात गुरुवारच होता.